सावलीची पारख

एक्स-रे काढून माणूस घरी परतला की चपला काढण्याच्या आतच त्यास विचारले जाते, “फोटो चांगला आला ना?” विचारणाऱ्याच्या मनात खरे पाहता दोन प्रश्न असतात. काही दुखणे निघाले नाही ना, हा एक. आणि चित्र स्वच्छ उमटले ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावयाचे. दुसऱ्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक पहिल्या उत्तराचा खरेखोटेपणा पुष्कळ अंशी दुसऱ्यावर अवलंबून असतो. चित्रच फसवे असेल तर वाचणारा कितीही जाणता असो, त्याचा निष्कर्ष चुकण्याचा संभव राहतो. म्हणून या चित्रांचा चांगलेपणा कशात असतो, आणि तो साधण्यात आपणा घरच्या माणसांचा वाटा काय, याविषयी चार गोष्टी येथे सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

आम्हां बडोदेकरांस छायाचित्रणाचा नाद जुना. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली येथे कलाभवन उभारले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी; कॅमेऱ्याची आणि अंधाऱ्या खोलीची विद्या त्यांनी तेथेच हस्तगत केली. दांडिया बाजारातील वा रावपुऱ्यातील जुन्या मराठी घरांतून पगडी घातलेल्या पणजोबांचे तपकिरी पडलेले फोटो अजून भिंतीवर दिसतात. चांगल्या चित्राची आपली कसोटी या फोटोंनी घडविली आहे. चेहरा उजळ हवा, शालूचा काठ स्पष्ट हवा, एकंदरीत चित्र डोळ्यांस गोड वाटावयास हवे. एक्स-रेस ही कसोटी लावून भागत नाही. ते उजेडात बसलेल्या माणसाचे चित्र नव्हे. शरीरातून आरपार गेलेल्या किरणांची ती सावली आहे. सावली सुंदर आहे की नाही हे गौण. जो भेद पाहावयाचा तो तिच्यात दिसतो की नाही, एवढाच प्रश्न.

जर्मनीतील वुर्ट्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना या किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. ते आजही पुस्तकांतून छापले जाते. बोटांची हाडे, त्यांभोवती मांसाची फिकट छटा आणि एका बोटावर अंगठीचा ठसठशीत ठसा. या एका चित्रात पुढील सारे शास्त्र बीजरूपाने आहे. पदार्थ जितका दाट आणि त्याच्या अणूचा क्रमांक जितका मोठा, तितके किरण तो अधिक अडवितो. सौम्य किरण असतील तर ही अडवणूक अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे क्रमांक दुप्पट झाला तर अडथळा आठपट होतो. मांसात व पाण्यात मुख्यतः ऑक्सिजन, त्याचा क्रमांक ८. हाडांतील कॅल्शियमचा २०. अंगठीतील सोन्याचा ७९. सोन्यापुढे हाडही फिके पडावे यात नवल नाही.

परंतु याच नियमात एक अडचण दडलेली आहे. साध्या एक्स-रेस शरीरातील चारच छटा नीट ओळखता येतात: हवा, चरबी, पाणी आणि हाड. बाहेरून आलेला धातू ही पाचवी. रक्त, स्नायू, यकृत, हृदय ही सगळी त्याच्या लेखी पाणीच. मग छातीच्या चित्रात हृदय दिसते कसे? शेजारच्या फुप्फुसात हवा भरलेली असते म्हणून. पाण्याच्या छटेला हवेच्या छटेची कड लाभते आणि हृदयाची रेषा उमटते. न्यूमोनियाने तेथलीच हवा जाऊन तिच्या जागी पाझर भरला, तर त्या बाजूची हृदयाची कड पुसून जाते. जाणता डॉक्टर नेमके हेच पाहतो. जेथे रेषा असावयास हवी तेथे ती नाही, हाच त्यास पुरावा. चित्रात काय दिसते याइतकेच, काय दिसेनासे झाले यालाही महत्त्व असते.

हा छायाभेद कमी-अधिक करणे बरेचसे तंत्रज्ञाच्या हाती असते. यंत्राला दिलेला विद्युतदाब वाढविला की किरण अधिक भेदक होतात आणि हाड व मांस यांतील अंतर कमी होते. हाताचे हाड मोडले असेल तर पन्नासएक हजार व्होल्टचे सौम्य किरण पुरतात. हाड कसे लख्ख उठून दिसते. छातीसाठी मात्र मोठ्या रुग्णालयांतून एक लाखाहून अधिक व्होल्ट वापरण्याची रीत आहे. बरगड्या मुद्दाम फिक्या करावयाच्या, म्हणजे त्यांच्या आड लपलेले फुप्फुस दिसते. चित्र त्यामुळे काहीसे करडे, मिळमिळीत वाटते. “त्या अमक्याचा फोटो किती काळापांढरा छान होता, आमचाच असा का?” असे एखादे गृहस्थ विचारतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की दोघांच्या चित्रांतून शोधावयाच्या गोष्टी निराळ्या होत्या. स्तनांच्या तपासणीत उलट प्रकार असतो. तेथे सारा मामला मऊ भागांतील अत्यल्प फरकाचा, म्हणून दाब तीस हजार व्होल्टच्या आसपासच ठेवतात. त्या तपासणीत दोन पाट्यांमध्ये अवयव दाबला जातो, त्याचा आमच्या भगिनींना त्रास होतो व रागही येतो. पण त्या दाबामागे कारण आहे. जाडी घटली की किरण कमी लागतात, अवयव हलत नाही आणि चित्रावर धुके कमी चढते.

हे धुके म्हणजे काय? शरीरात शिरलेले सारेच किरण सरळ जात नाहीत. पुष्कळसे आत आपटून वाट फुटेल तिकडे विखुरतात आणि चित्रावर सर्वत्र सारखा करडा थर चढवितात. हिवाळ्याच्या पहाटे नदीवर धुके दाटले म्हणजे पलीकडचा काठ असतो तेथेच असतो, पण पाणी आणि झाडी यांतला फरक कळेनासा होतो, तसेच हे. देह जितका स्थूल तितके हे धुके दाट. त्यावर गुस्टाव्ह बुकी यांनी १९१३ साली शिशाच्या पातळ पट्ट्यांची जाळी शोधून काढली. सरळ आलेले किरण पट्ट्यांमधून पार होतात, तिरपे आलेले अडतात. पुढे हॉलिस पॉटर यांनी ती जाळी चित्र घेताना हलती ठेवण्याची युक्ती काढली, म्हणजे पट्ट्यांच्या रेघा चित्रात उमटत नाहीत. एक्स-रेच्या खोलीत ‘बकी’ हा शब्द अजून कानी पडतो तो त्याच बुकीसाहेबांच्या नावाचा. मात्र जाळी काही चांगले किरणही खाते, म्हणून तेवढा मारा वाढवावा लागतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे किरणांची खिडकी लहान करणे. मनगट दाखवावयाचे तर मनगटापुरताच झोत. याने धुकेही घटते आणि रोग्यास लागणारे किरणही. चित्राचा आणि रोग्याचा, दोघांचा लाभ एकाच वेळी व्हावा असे उपाय या विद्येत थोडे आहेत. हा त्यांतला पहिला.

चित्राच्या रेखीवपणाची गोष्ट घरच्या समईने समजते. समईपुढे हात धरून भिंतीवर सावली पाडावी. हात भिंतीजवळ असेल तर बोटे रेखीव दिसतात. हात समईकडे नेला की सावली मोठी होते आणि कडा विरघळतात. म्हणूनच रोग्यास छाती पाटीला टेकवून उभे करतात व किरणांचा दिवा सुमारे सहा फुटांवर ठेवतात. हृदय छातीच्या पुढच्या अंगास असल्याने ते अशा रीतीने पाटीच्या निकट येते. जो रोगी उठू शकत नाही त्याचे चित्र खाटेवरच, पाठीखाली पाटी सारून, दिवा जवळ आणून घ्यावे लागते. त्यात हृदय असते त्याहून मोठे दिसते. कागदावरील ‘हृदय मोठे’ हे शब्द वाचून घाबरण्यापूर्वी चित्र उभ्याने घेतले की खाटेवर, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

किरण फार थोडे असले तर आणखी एक दोष येतो. मृगाच्या पहिल्या सरीचे थेंब अंगणाच्या फरशीवर पडतात तेव्हा कोठे दोन, कोठे पाच, कोठे एकही नाही. त्यांवरून वर झाडाची फांदी कोठवर आली आहे हे ओळखता येत नाही. पाऊस भरपूर झाला की कोरडा भाग आपोआप आखला जातो. किरणांचेही असेच. ते अपुरे पडले की चित्र दाणेदार होते आणि बारीक भेद त्या दाण्यांत हरवतो. हा दाणेदारपणा निम्म्यावर आणावयाचा तर किरण चौपट लागतात. म्हणजे स्वच्छतेचे मोल देहाला द्यावे लागते, आणि ते चढत्या दराने द्यावे लागते.

पूर्वी, फिल्म धुण्याच्या दिवसांत, याखेरीज अंधाऱ्या खोलीचे दैव आड येई. हाताने फिल्म धुताना डेव्हलपरचे पाणी सुमारे वीस अंशांवर राखावे लागे. बडोद्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची दुपार म्हणजे काय हे सांगावयास नको. बर्फ घालून टाकी थंड ठेवावी लागे. पाणी तापले, फिल्म जुनी निघाली किंवा दाराच्या फटीतून उजेड शिरला की चित्रावर मळकट पडदा येई आणि पुन्हा सारे पहिल्यापासून.

आता आमच्या घरातील एक हकीकत सांगतो. १९८० नंतरच्या दशकातील ही गोष्ट. आमच्या आत्याबाई आमच्याकडेच राहात. खोकला महिनाभर हटेना म्हणून त्यांचा छातीचा फोटो काढविला. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्यावर डाग आला. क्षयाचा संशय लिहून आला आणि औषधे ताबडतोब सुरू करावीत असे सांगण्यात आले. त्याच सुमारास आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी इंदूरच्या एका घराण्याशी चालू होती. क्षयाचा शब्द त्या काळी घरात दबक्या आवाजात उच्चारला जाई. ही गोष्ट पलीकडच्या मंडळींस कळवावी की न कळवावी, यावर रात्र रात्र खल झाला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली कपबशी आपण होऊन वेगळी काढली, स्वतः विसळली आणि खिडकीच्या कोनाड्यात पालथी घालून ठेवली.

वडिलांच्या परिचयाचे एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांनी ती फिल्म खिडकीशी न धरता दिव्याच्या पेटीवर लावली, खोलीतील इतर दिवे मालविले आणि पुष्कळ वेळ पाहिली. मग त्यांनी आत्याबाईंना विचारले, “आजी, फोटोच्या वेळी केस कसे होते?” आत्याबाईंनी सांगितले की, डोक्यातील आकडे काढावयास लावले, तेव्हा अंबाडा सुटला आणि केसांचा पीळ खांद्यावरून पुढे आला. सकाळीच न्हाऊन तेल घातलेले केस. डॉक्टरांनी आम्हांस बोटाने दाखविले: ती सावली गळपट्टीच्या हाडापाशी थांबत नव्हती, ती वर मानेवर गेली होती. मानेत फुप्फुस नसते. फुप्फुसाचा रोग फुप्फुसाबाहेर जाईल कसा? केस डोक्यावर उंच बांधून दुसरा फोटो काढला. शेंडा स्वच्छ होता. खात्रीसाठी थुंकीही तीनदा तपासली; तीतही काही निघाले नाही. या साऱ्यास आठ दिवस लागले.

बहिणीचे लग्न त्याच घरी, ठरल्याप्रमाणे झाले. आत्याबाई पुढे बारा वर्षे जगल्या. मात्र कोनाड्यातील कपबशी त्यांनी पुन्हा इतर भांड्यांत मिसळू दिली नाही. “असू दे, माझी तीच,” एवढेच म्हणत. सावलीवर सावली पडली आणि ती वाचताना कोणी घाई केली, तर एखाद्या घरात काय घडू शकते हे आम्ही त्या कपबशीवरून जाणतो.

निसर्गाने दिलेला भेद जेथे अपुरा पडतो तेथे माणसाने तो बाहेरून आणला. १८९६ च्या जानेवारीतच, म्हणजे शोधाची वार्ता पसरताक्षणीच, व्हिएन्नातील दोघा संशोधकांनी मृताच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ व पेट्रोलियम यांचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसास हिंगूळ टोचणे अर्थातच अशक्य. आतड्यासाठी बेरियम सल्फेटची पेज आली. बेरियमचा क्रमांक ५६, आणि हे लवण पाण्यात विरघळत नसल्याने अंगात भिनत नाही. रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे यांसाठी आयोडीनयुक्त औषधे आली. आयोडीनचा क्रमांक ५३. ते टोचण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात आणि पूर्वी कधी त्या औषधाची बाधा झाली होती काय असे विचारतात, ते उगीच नव्हे.

या इतिहासात एक दारुण प्रकरण आहे. १९३० च्या सुमारास थोरियमचे एक औषध प्रचारात आले. त्याने रक्तवाहिन्या अशा देखण्या उमटत की डॉक्टर हरखून गेले. टोचताना रोग्यास त्रासही होत नसे. परंतु थोरियम स्वतःच किरणोत्सर्गी. ते यकृतात व प्लीहेत जन्मभर ठाण मांडून बसे. वीस-तीस वर्षांनी त्या रोग्यांपैकी अनेकांस यकृताचे कर्करोग झाले. त्या काळी सर्वांत सुंदर मानली गेलेली ती चित्रे सर्वांत महाग पडली.

त्यानंतर विद्या पुष्कळ पुढे गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्याच वर्षी आपले जी. एन. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह, अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांतून मूळ वस्तूची आकृती उभी करण्याची सुलभ गणिती रीत प्रसिद्ध केली. ती पुढे या यंत्रांना फार उपयोगी पडली. सीटीत पाण्यास शून्य, हवेस उणे एक हजार अशी मापे देतात. चारच छटा ओळखणाऱ्या साध्या चित्राच्या मानाने ही केवढी मोठी मजल! पण हजारो छटा एकदम पाहणे मानवी डोळ्यास साधत नाही. म्हणून संगणकावर हवी तेवढीच पट्टी निवडतात. मेंदूसाठी एक, फुप्फुसासाठी दुसरी, हाडासाठी तिसरी. एकाच तपासणीत तीन निरनिराळी चित्रे दडलेली असतात, आणि कोणते पाहावयाचे ते पाहणाऱ्याने ठरवावयाचे.

संगणकाने एक नवा धोकाही आणला आहे. फिल्मवर किरण अधिक पडले तर ती काळी होई आणि चूक तत्काळ उघडी पडे. आता यंत्र छटा आपोआप सावरून घेते. किरण गरजेहून जास्त पडले तरी चित्र देखणेच राहते, किंबहुना अधिक नितळ दिसते. म्हणून नितळ चित्राचा हट्ट घरच्यांनी धरू नये. छातीच्या एका साध्या एक्स-रेत सुमारे आठ-दहा दिवसांत निसर्गतः मिळतात तेवढे किरण लागतात. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दोन-तीन वर्षांत मिळतात तेवढे. जरूर तेव्हा एक्स-रे वा स्कॅन निःशंक करावा. पण “एकदा सगळेच तपासून टाका” असे डॉक्टरांस गळ घालून सांगणे शहाणपणाचे नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे.

राहता राहिला आपला वाटा. मंगळसूत्र गळ्यातून उतरविणे आमच्या आयाबहिणींच्या जिवावर येते, हे आम्ही जाणतो. परंतु काळ्या मण्यांची आणि सोन्याच्या वाट्यांची सावली नेमकी छातीच्या मध्यावर पडते. ही गोष्ट एक्स-रेच्या खोलीच्या दारात, अनोळखी माणसाच्या तोंडून प्रथम कळण्यापेक्षा घरीच सांगितलेली बरी. मग ते घरच्याच कोणाच्या हाती विश्वासाने सोपविता येते. ताईत, सेफ्टी पिन, जरीचे पोलके, ओले केस, सारे याच हिशेबातले. श्वास भरून रोखा म्हटले की खरोखर रोखावा. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसून नसता संशय येतो. दिवस गेल्याची शंका असेल तर संकोच न करता आधी सांगावे. सोनोग्राफीस किरण लागत नाहीत, ध्वनिलहरी लागतात. आणि हवा हा त्यांचा वैरी. म्हणून उपाशी पोटी बोलावतात, मूत्राशय भरलेले ठेवावयास सांगतात आणि अंगावर ते थंडगार मलम चोपडतात.

आता आमच्या पुष्कळ घरांतील मुले अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात असतात. येथे एक्स-रे निघाला की खिडकीशी धरून मोबाइलने त्याचा फोटो काढावयाचा आणि व्हॉट्सॲपवर तिकडच्या डॉक्टर भाच्यास धाडावयाचा, अशी चाल पडली आहे. त्यात खिडकीचा उजेड, बोटांची सावली आणि छटांची गळती, सारेच मिसळते. त्याऐवजी रुग्णालयातून मूळ चित्रांची तबकडी मागून घ्यावी आणि ती जशीच्या तशी धाडावी.

आणि शेवटची विनंती. जुन्या फिल्म रद्दीत घालू नयेत. त्यांत चांदीचा अंश असतो म्हणून भंगारवाला त्या आवडीने नेतो. पण आपल्या दृष्टीने त्यांचे मोल निराळे आहे. उद्या एखाद्या फुप्फुसात गाठीसारखे काही दिसले, तर डॉक्टर पहिल्याने विचारतील, “जुना फोटो आहे?” दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच गाठ तेवढीच दिसली, तर पुष्कळ वेळा पुढच्या तपासण्या, टोचणी आणि झोपेवाचूनच्या रात्री वाचतात. ती पिवळी पाकिटे, प्रत्येकावर नाव आणि तारीख घालून, गाद्यांखाली न दडपता कपाटात कोरड्या जागी उभी ठेवावीत.